शॅमेलिऑनची रात्र आणि पुण्याचा उकाडा

मागच्या अंकात शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, यूव्हीबी ट्यूबबद्दल (उन्हातल्या अतिनील किरणांची कमी भरून काढणारी ट्यूब) लिहिलं होतं, वाटलं आता सगळे ट्यूबबद्दलच विचारतील, पण पत्रं आली ती जवळपास सगळी रात्रीची. लाइट बंद झाल्यावर आत दमट किती ठेवायचं, फॉगर (पिंजऱ्यात धुकं सोडणारं यंत्र) लावायचा का, त्याला थंडी वाजत असेल का. बरंच झालं म्हणा, कारण दिवसाचं सामान दुकानदार समजावून देतो, रात्रीचं कोणी सांगत नाही, तोवर तो शटर ओढून घरी गेलेला असतो. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं वेगवेगळ्या ऋतूंतली आहेत, आणि पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण तेच दुखणं निम्म्या पत्रांत आहे.

प्रश्न : दादा, वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. आठ महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलिऑन आहे, नर, नाव बंड्या. पिंजरा जाळीचा, दोन बाय दोन बाय चार फूट. व्हिडिओ बघून फॉगर घेतला, रात्री दहा ते सकाळी सहा रोज चालू असतो आणि हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं यंत्र) ९० दाखवतो. एप्रिल आहे त्यामुळे आतलं टेंपरेचर रात्री २८-२९ असतं. गेले चार दिवस पहाटे तोंड उघडं ठेवून बसतो आणि टिक टिक असा बारीक आवाज येतो. ह्युमिडिटी कमी पडतेय का, फॉगर वाढवू का?

उत्तर : नको नको, आज रात्रीपासून बंदच करा, आणि आधी डॉक्टरांना फोन लावा, बाकीचं हे नंतर वाचलंत तरी चालेल. फोनवरच विचारून घ्या की सरपटणारे प्राणी बघता का, कारण कुत्र्यामांजराचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत आणि रिक्षा करून बंड्याला घेऊन गेल्यावर तिथे कळायला नको. दुपारी दिव्याखाली शेकताना तोंड उघडलं तर ती गरम झाल्याची खूण, त्यात घाबरायचं काही नाही. पण पहाटे, दिवा लागायच्या आधी, अंग गार असताना तोंड उघडं, श्वासाबरोबर टिक टिक, मान वर ताणून झोपणं, ओठाच्या कडेला चिकट बुडबुडे, यातलं काहीही दिसलं तर फुप्फुसाचं इन्फेक्शन धरून चालायचं. औषध वजनावर ठरतं त्यामुळे घरातली उरलीसुरली अँटिबायोटिकची गोळी नको, हळदीचं पाणी नको, आणि वाफारा तर अजिबात नको, मला एका काकांनी मागे अभिमानाने सांगितलं होतं की आम्ही निलगिरीचे दोन थेंब टाकले पाण्यात, मी कपाळाला हात लावला.

आता हे झालं कशामुळे. तुमचा बंड्या मूळचा येमेनचा आणि सौदीच्या नैऋत्येकडच्या डोंगरांतला. तिकडे दिवसा कोरडं खणखणीत ऊन असतं आणि रात्री डोंगरावर गारठा उतरतो, समुद्राकडची ओलसर हवा चढून वर येते, धुकं धरतं आणि पहाटे पानापानावर दव असतं. म्हणजे ओल येते ती गारठ्याच्या पाठोपाठ. फॉगर ही त्याच धुक्याची नक्कल आहे, फक्त आपण ती अर्धीच केली, ओल घरी आणली आणि गारठा तिकडेच राहिला. २९ डिग्री आणि ९० टक्के म्हणजे डोंगरावरचं धुकं नाही, ती ऑक्टोबरातली मुंबईची लोकल आहे. अशा गरम, कोंदट, ओल्या हवेत बॅक्टेरिया आणि बुरशी मजेत वाढतात आणि तीच हवा तो रात्रभर फुप्फुसात ओढतो.

मी हे शहाणपण पुस्तकातून नाही शिकलो. माझा पहिला शॅमेलिऑन काचेच्या टाकीत होता, मे महिना होता, आणि मी रोज रात्री फॉगर लावून, काचेवरून पाणी ओघळताना बघून खूश होऊन झोपायचो की काय जंगल केलंय. तीन आठवडे एक दिवसाआड इंजेक्शनं झाली, वाचला तो, पण त्या दिवसांत पहाटे पाचला उठून टाकीला कान लावून बसायचो, आवाज येतोय का बघायला. त्यानंतर मी एक साधी रेघ आखून घेतलीय, पिंजऱ्यातलं टेंपरेचर २० च्या खाली उतरल्याशिवाय फॉगरचं बटण दाबायचं नाही. घड्याळात किती वाजलेत याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

व्हेल्डला रात्री १३ ते १८ मिळालं तर उत्तम, २० ते २२ ला तो कुरकुर करत नाही. रात्री अंग गार पडलं की शरीराचं सगळं काम संथ होतं आणि खरी विश्रांती मिळते. रात्रीसुद्धा २८-२९ राहिलं तर दिवसासारखंच इंजिन चालू राहतं, भूकही तशीच लागते, आणि मादी असेल तर दिवसरात्रीची उष्णता आणि भरपूर खाणं यामुळे अंडी नको इतकी धरते आणि त्यात खंगते. म्हणून माझं म्हणणं, पुण्यात शॅमेलिऑनवाल्याचा खरा प्रॉब्लेम ओलावा नाहीच, गारवा आहे, ओलावा त्याच्या मागून येतो. आणि हे मी नुसतं बोलायला म्हणून नाही म्हणत, हिशोबच तसा आहे. हायग्रोमीटर जे टक्के दाखवतो ते 'या टेंपरेचरला ही हवा जेवढं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के धरलंय' असे असतात. गरम हवा जास्त पाणी धरते, गार हवा कमी. समजा संध्याकाळी पिंजऱ्यात २८ डिग्रीला ५० टक्के आहे. आता एक थेंबही पाणी न घालता तीच हवा २० डिग्रीपर्यंत उतरू द्या, काटा आपोआप ८० च्या वर जाईल. फुकट. फॉगरने फक्त वरचे दहा-पंधरा टक्के भरायचे असतात, आणि आपण त्याच्याकडून सगळं काम करून घ्यायला बघतो.

कोणी म्हणेल की फॉगरने गार पण होतं ना. होतं की, माठासारखंच. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आपल्या आज्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारायच्या ते याच हिशोबाने. पण माठ गार होतो कोरड्या हवेत, तेही वारा लागला तर. एप्रिलमध्ये जाळीच्या पिंजऱ्याला हवा लागत असेल तर दोन-चार डिग्रीचा फरक पडेलही, पण हवा एकदा ९० टक्क्यांवर गेली की पुढे उडायला जागाच राहत नाही, मग गार होणं थांबतं आणि नुसतं ओलं होत राहतं. जुलैत माठातलं पाणी कोमटच लागतं, तसंच.

मग वाकडच्या एप्रिलमध्ये करायचं काय. शेकायचा दिवा सहा-सातपर्यंत चालवताय असं धरतो, तो दुपारी चार-साडेचारलाच बंद करा, यूव्हीबी ट्यूब हवी तर राहू दे, म्हणजे पिंजरा लवकर उतरायला लागतो. पिंजरा पश्चिमेच्या भिंतीला लावला असेल तर आजच हलवा, दिवसभर तापलेली ती भिंत रात्री एक वाजेपर्यंत उष्णता सोडत असते, हात लावून बघा. अकराव्या मजल्यावर वारा असतो तो वापरा, रात्री खिडकी उघडी, डासांची जाळी लावून, पण झोत थेट अंगावर नको. आणि पाणी द्यायचं ते दवासारखं, म्हणजे लाइट लागायच्या तासभर आधी दोन मिनिटं मिस्टिंग (पाण्याचा बारीक फवारा), पानांवर थेंब राहतील इतकं, तेव्हा पुण्यातसुद्धा चोवीस तासांतला सगळ्यात गार वेळ असतो. उठल्यावर तो ते थेंब चाटतो. दुपारी ड्रिपर लावा, पानावर टप टप थेंब पडले की पितो. तीन बाजूंना सनपॅकची (बोर्डासाठी वापरतात त्या हलक्या प्लॅस्टिकची) शीट लावली तर जाळीतून ओल पळून जात नाही, पुढची बाजू आणि वरची जाळी मोकळी ठेवायची म्हणजे कोंडत पण नाही. हे सगळं अर्थात बंड्या बरा झाल्यावर, तोवर डॉक्टर सांगतील तसं, आजारी असताना ते रात्रीचं टेंपरेचर थोडं चढंच ठेवायला सांगण्याची शक्यता आहे, तेव्हा माझं ऐकू नका त्यांचं ऐका.

पाणी पुरतंय का हे हायग्रोमीटरपेक्षा त्याची शी जास्त खरं सांगते. काळ्या भागासोबत जो पांढरा खडूसारखा तुकडा असतो तो पांढराच हवा, टोकाला जरा पिवळसर असला तर हरकत नाही, पूर्ण केशरी झाला किंवा डोळे खोल गेले तर पाणी कमी पडतंय.

प्रश्न : आम्ही पाषाणला राहतो. पेपरात आलं की पुण्याचा पारा ११ वर. आमच्या व्हेल्डसाठी लाल नाइट बल्ब आणलाय, रात्रभर लावते, पण आई म्हणते त्याला झोप लागत नसेल. कोण बरोबर?

उत्तर : आई बरोबर, काढा तो बल्ब. आपल्याला लाल उजेड अंधारासारखा वाटतो, पण त्याला उजेड दिसतोच आणि शॅमेलिऑनला झोपायला पूर्ण अंधार लागतो, बारा तासांच्या आसपास. निळा 'मूनलाइट' बल्ब पण त्याच माळेचा मणी.

पेपरातल्या ११ चं सांगतो. तो आकडा बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो, ज्याला आपण शिमला ऑफिस म्हणतो, १९२८ साली हवामान खात्याचं काम शिमल्याहून पुण्याला आलं तेव्हापासूनचं नाव ते, चौकालाही तेच चिकटलं. तुमच्या पाषाणला, एनडीएकडे, हवेलीत त्याच रात्री शिवाजीनगरपेक्षा गार असतं, आणि मगरपट्टा, वडगाव शेरीकडे चांगलं चार-पाच डिग्री जास्त असू शकतं. एकाच शहरात एकाला फॉगर लावायला नोव्हेंबर मिळतो आणि दुसऱ्याला डिसेंबर उजाडावा लागतो. शिवाय हा बाहेरचा आकडा झाला, मोकळ्या मैदानातला. तुमच्या हॉलमध्ये खिडक्या बंद असतील तर जानेवारीतसुद्धा १८-२० च्या खाली क्वचितच जाईल, आणि तेवढं म्हणजे व्हेल्डची दिवाळी आहे. गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत पिंजरा असेल तर गोष्ट वेगळी, रात्री आत घ्या. खरंच १२-१३ च्या खाली उतरत असेल तर उजेड न पडणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटशिवाय नाही.

आणि हो, फॉगर वापरायचा तो याच दिवसांत! नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. मध्यरात्रीनंतर एक ते पाच, तेही सलग नको, पंधरा मिनिटं चालू, अर्धा तास बंद असं. पाचला थांबवून, लाइट लागायच्या आधी दव म्हणून एकदा मिस्टिंग, आणि मग दुपारपर्यंत सगळं कोरडं व्हायला हवं. पुण्याची थंडी कोरडी असते, ओठ फुटतात आपले, त्याचीही कातडी ओढते, जुनी कात बोटांना आणि शेपटीच्या टोकाला अडकून राहते, तेव्हा या दिवसांत ओल लागतेच. सवयीने आपण उलटं करतो, उन्हाळ्यात फॉगर आणि थंडीत बंद, 'सर्दी होईल' म्हणून.

प्रश्न : काचेची टाकी आहे, वर जाळी. पावसाळा सुरू झाल्यापासून हायग्रोमीटर दिवसरात्र ८५ ते ९९. फॉगर तर मी लावतच नाही. मातीवर पांढरी बुरशी आली, मनी प्लांटची पानं काळी पडतायत. कर्वेनगर, तळमजला.

उत्तर : तळमजला, काच आणि जुलै, तिन्ही एकत्र आले हो. पावसाळ्यात पुण्यात रात्रीचं किमान २२-२३ आणि घरात २५-२६, हवा आधीच ओलीचिंब, म्हणजे इथे आपल्याला ओल घालायची नाहीच, बाहेर काढायची आहे. कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा छोटा फॅन घ्या, वरच्या जाळीवर असा ठेवा की तो आतली हवा वर ओढून बाहेर टाकेल, आत ढकलणार नाही, आणि खालच्या बाजूला हवा यायला फट असू द्या. पहिल्या दिवशी रात्रभर लावा, सकाळी काचेवर पाणी नसेल तर मग तासाला पंधरा-वीस मिनिटं पुरतो. सकाळचं मिस्टिंग अर्ध्या मिनिटावर आणा, पाणी ड्रिपरवर. माझी कसोटी अशी आहे की सकाळी अकराला वरचं पान बोटाने चाचपायचं, ओलं लागलं तर आज संध्याकाळी मिस्टिंग नाही.

बुरशी आलेला मातीचा थर काढून टाका. तळाला पाणी साचतंय का ते एकदा कुंडी उचलून बघा, माझ्या टाकीत वरून सगळं हिरवंगार होतं आणि खाली नालासोपारा झाला होता, वास आल्यावर कळलं. खाली निचऱ्याला जागा नसेल तर कुंडीतली झाडं ठेवून बाकी तळ मोकळाच ठेवलेला बरा, पुसता येतो. ज्यांनी तळात खेळती माती करून स्प्रिंगटेल सोडलेत त्यांना बुरशीचा त्रास कमी होतो, ते बारीक किडे तीच खातात.

प्रश्न : बाणेरहून. माझा पँथर शॅमेलिऑन आहे, बेडरूममध्येच, आणि उन्हाळ्यात रात्री एसी २४ वर. एसीने हवा कोरडी होते म्हणतात, मग आता फॉगर लावू की नको? आणि मित्र जॅकसन जातीचा शॅमेलिऑन घ्यायचा म्हणतोय.

उत्तर : तुमच्याकडे उन्हाळ्याचं अर्धं काम एसीने करून ठेवलंय. पँथर मादागास्करचा, उत्तरेच्या आणि पूर्वेच्या किनारपट्टीचा, म्हणजे व्हेल्डपेक्षा दमट सवयीचा आणि रात्री थोडं गरम जास्त खपवून घेणारा. २२ पर्यंत एसी उतरवता येत असेल तर पहाटे तीन ते पाच थोडा थोडा फॉगर लावायला माझी हरकत नाही, जाळीचा पिंजरा असेल तर. २४ वरच झोपणार असाल तर फॉगर राहू दे, रात्री दोनच्या सुमाराला एक मिनिट आणि पहाटे दोन मिनिटं मिस्टिंग पुरे. एसीचा झोत पिंजऱ्यावर येतोय का ते मात्र टिश्यूपेपरची पट्टी झोपायच्या फांदीला बांधून बघा, पट्टी फडफडली तर पिंजरा हलवा, एसीच्या फ्लॅपवर विसंबू नका.

मित्राला सांगा जॅकसन नको. तो केनिया, टांझानियाच्या उंच डोंगरांतला, केनिया पर्वताच्या उतारावर राहणारा, त्याला रोज रात्री मरणाची थंडी लागते. पुण्यात मे महिन्यात त्याच्यासाठी रात्रभर एसी, आणि लाइट गेली की संपलं. तीन शिंगं बघून मोह होतो, मलाही झाला होता, विजेचं बिल डोळ्यासमोर आणलं आणि आवरलं.

प्रश्न : दोन हायग्रोमीटर आहेत, एक काट्याचा, एक डिजिटल. एक ५५ सांगतो, एक ७८. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : आत्ता कोणावरच नाही, आधी मिठाची परीक्षा घ्या दोघांची. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरायचं आणि त्यात थेंब थेंब पाणी, मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत, झाकण सांडणार नाही असं, थोडी हवा ठेवून घट्ट बंद करायचं आणि घरात एका जागी आठ-दहा तास सोडून द्यायचं, उन्हात नाही, फ्रिजवर नाही. मिठाच्या ओल्या लगद्यावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, खोलीच्या टेंपरेचरला हे हमखास. पिशवी न उघडता बाहेरूनच वाचा. ७१ दाखवला तर तो चार कमी सांगतो, त्यावर पेनाने '+४' लिहून टाका आणि वापरा. माझ्याकडच्या काट्यावाल्याने ५२ दाखवलं होतं, तो आता नुसता शोभेला आहे.

प्रोब कुठे लटकवलाय हेपण बघा. फॉगरच्या नळीखाली ठेवला तर तो कायम ९० च सांगणार, पहिल्या पत्रातल्या बंड्याच्या घरीही मला तोच संशय आहे. झोपायची फांदी जिथे आहे त्या उंचीवर, नळीपासून लांब.

प्रश्न : सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी. फॉगर लावला की पानांवर, काचेवर पांढरी पावडर बसते. आणि टायमर लावलाय तरी कधीकधी सकाळी आठला फॉगर चालू दिसतो, असं का?

उत्तर : पावडर म्हणजे पाण्यातले क्षार. फॉगरमधली चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते, पाणी उकळत नाही, त्यामुळे पाण्यात जे विरघळलंय ते सगळं तुषारांबरोबर हवेत जातं. पाणी सुकतं, क्षार पानावर बसतात, थोडे त्याच्या नाकात. धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने सौम्य, बोअरचं आपलं काळ्या कातळातून आलेलं, जड. फॉगरला आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत जमवून वापरणारे पण मला भेटलेत, त्यात क्षार नसतात हे खरं, पण ते धुळीच्या कॉइलवरून बुरशी घेऊन आलेलं असतं, ते झाडांना घाला. टाकीत पाणी शिळं ठेवायचं नाही, आठवड्यातून एकदा व्हिनेगरने धुऊन, दोनदा स्वच्छ पाण्याने खळखळून, नळीसकट पूर्ण वाळवून मग भरायची. नळीत खोलगट वळण असेल तर तिथे पाणी साचून कुजतं, नळी सरळ उतरती ठेवा.

टायमरचं सोपं आहे, तो पिनांचा गोल फिरणारा असणार. लाइट गेली की तो पण थांबतो, आणि आली की जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. दोन-तीन तास लाइट गेली म्हणजे पहाटे पाचला थांबायचा फॉगर आठला थांबणार, तोवर दिवा लागून पिंजरा तापलेला, म्हणजे पुन्हा तीच लोकल. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. त्याहून बरं म्हणजे टेंपरेचर बघून चालू-बंद होणारा कंट्रोलर मिळतो तो टायमरच्या मालिकेत जोडायचा, दोघांनी हो म्हटलं तरच फॉगर चालेल.

प्रश्न : टेकडीवर फिरायला गेलो तेव्हा रस्त्यावर हिरवा शॅमेलिऑन मिळाला, गाडीखाली येईल म्हणून घरी आणला. त्याला रात्री किती ह्युमिडिटी लागते?

उत्तर : त्याला टेकडी लागते. तो आपला देशी शॅमेलिऑन आहे, ज्याला गावाकडे घोयऱ्या सरडा म्हणतात, विषारी वगैरे काही नसतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला घरात ठेवता येत नाही, एक दिवससुद्धा. वाचवलात ते छान केलंत. जखम नसेल तर जिथे सापडला त्याच्याच जवळ, रस्त्यापासून आत, झुडपावर आज दिवसाउजेडी सोडा. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. परदेशी जातीवाल्यांनीही ऐकून ठेवा, व्हेल्ड, पँथर हे साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, बिल जपून ठेवा.

प्रश्न : रात्री झोपल्यावर आमचा एकदम फिका, पांढुरका पडतो. आजारी आहे का?

उत्तर : नाही, झोपल्यावर फिकेच पडतात. तुम्ही टॉर्च मारून रोज बघताय एवढाच त्यात आजार.

प्रश्न : बेडरूममध्ये डास फार, लिक्विडचं मशीन लावलं तर चालेल का? आणि सोसायटीत धूर मारायला येतात तेव्हा?

उत्तर : त्याच खोलीत नको, कॉइल नको, अगरबत्ती-धूप नको, स्प्रे तर नकोच. डासांच्या औषधात जी रसायनं असतात ती सरपटणाऱ्या प्राण्यांनाही बाधतात, आणि ओल्या पानांवर ती बसतात जी पानं तो पहाटे चाटणार आहे. तुम्ही मच्छरदाणीत झोपा, तो पिंजऱ्यात. धूरवाले यायच्या दिवशी (फॉगिंग म्हटलं की सोसायटीच्या ग्रुपवर माझी आणि वॉचमनची कायम गल्लत होते) खिडक्या घट्ट लावा, पिंजरा आतल्या खोलीत न्या, आणि दोन-तीन तासांनी वास पूर्ण गेल्यावर खिडकी उघडा. त्या संध्याकाळी बाल्कनीतल्या जास्वंदीची फुलं-पानं त्याला खायला तोडू नका, आधी झाड नळीने धुऊन काढा.